डावा कान

कुओपिओजवळच्या तळ्यावर, बर्फात तीन भोकं,
तीन गळ, मासा एकही नाही.

"काय उडी मारली पुलावरून!" वेइक्को म्हणतो,
"एकसष्टीचा गडी, आणि डुप्लिकेट नाही, दोर नाही."

तौनो थर्मासचं झाकण नुसतं फिरवत राहतो.
"पुस्तकातला तो उडी मारत नाही.
पुस्तकातला तो डाव्या कानानं बहिरा.
दोनशे बाराव्या पानावर मुलगी हाक मारते
आणि तो भलतीकडेच वळतो.
तेवढंच. अख्खं पान तेवढंच."

"ते पडद्यावर काय दाखवणार? लोकांनी तिकीट काढलंय."
"मग उडीचं पुस्तक घ्यायचं होतं."
"तू पुरता पाहिलास तरी का?"
"पुलापर्यंत."

मी दोन्हीकडची. त्या पानावर रडले,
आणि उडीला शिट्टीही मारली, खोटं कशाला बोलू.

वारा फिरतो. वेइक्को तावातावानं काही सांगतोय;
तौनो भोकाकडे बघत "हं" म्हणतो,
चुकीच्या जागी.

वेइक्को थांबतो. स्टूल उचलतो,
बर्फावरून पाय घासत त्याला वळसा घालतो,
उजव्या बाजूला येऊन बसतो,
आणि ती उडी
पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो.