एक तळहात, एक टक्का

वेंगुर्ल्याच्या दवाखान्यातली मागची खोली,
जिथं पूर्वी लशींचा फ्रीज घरघरायचा,
तिथं मी माणसांची कातडी मोजतो.
फूटपट्टी लागत नाही. ज्याचा त्याचा तळहात,
बोटांसकट, म्हणजे अंगाचा एक टक्का.
जगभर असंच मोजतात, असं प्रशिक्षणाच्या बाईंनी सांगितलं.

द्वारका मोचेमाडकर, वय बावन्न, काजू कारखाना.
पाठ: सहा तळहात. पोटऱ्या: चार. कोपरं मिळून एक.
डोक्यात किती, ते पदर काढून दाखवायला
तिनं दोन खेपा घेतल्या.
"म्हंजे अशे शंभर पंजे जोडले
की मिया होतंय?"
हो म्हटलं. हसली.
"मगे कामाक दोनच कित्याक दिल्यान देवान?"

आधी ती वर माडीवर गर सोलायची.
पाठीवरची खपली मानेवर आली तेव्हा
मुकादम म्हणाला, खाण्याचा जिन्नस आहे,
गिऱ्हाईक काय म्हणेल, तू खाली बी फोडायला बस.
खाली टरफलाचं तेल उडतं. उडतं तिथं भाजतं.
आणि या आजाराची रीत अशी की
जिथं भाजलं, जिथं खरचटलं,
तिथंच तो नवं बिऱ्हाड मांडतो.
हे मी फॉर्मवर लिहिलं.
मुकादमासाठी रकाना नव्हता.

"इतर उपचार" या रकान्यात:
खोबरेल, कडुनिंबाचा पाला,
घाडीकडून घातलेलं गाराणं.
पंधरा दिवसांनी वरून विचारणा आली,
गाराणं दिवसातून किती वेळा?

तिच्या वाट्याला सत्तावीस नंबरची ट्यूब.
आत औषध आहे की नुसतंच मलम,
तिला ठाऊक नाही, मला नाही,
डॉक्टर आरोंदेकरांनाही नाही.
ठाऊक आहे एका लखोट्याला,
आणि तो पुण्यात, कुलपात.

चौथ्या आठवड्यात पाठ पाच. आठव्यात सव्वातीन.
परत आलेल्या ट्यूबा मी तोलतो,
सोनार मणी तोलतो तशा.
अकरा तळहातांना इतकं मलम लागत नाही.
इतक्यात अख्खी बाई माखून निघेल.

मी विचारलं.
ती खिडकीतून बंदराकडं बघत राहिली,
एक होडी धक्क्याला लागेपर्यंत.
मग म्हणाली, "सुगंधान लावल्यान. हलीमान.
आनी त्या मठच्या पोरीन.
हात जळतत त्येंचे. माझ्याच बाकड्यार बसतत."

"पण हे औषध नसूही शकतं,
सही घेताना वाचून दाखवलं होतं मी."

"दाखवलंस म्हणान तर
रातभर डोळ्याक डोळो लागाक नाय.
औषध असला तर चौघींका गुण इलो.
नसला तर तिघींका मियाच फसवलंय."

मी "विचलन" असा शब्द लिहिला, खाली तारीख.
नियमानं तिला गाळता येत नाही.
ज्याला जे वाटून दिलं, त्यातच त्याला मोजायचं,
मग त्यानं पुढं काही का करेना.
चिठ्ठ्या टाकून पुण्यात केलं ते वाटप.
बाकड्यावर तिनं केलं, तेही वाटपच.
दोन्हींना आपल्याकडं शब्द एकच आहे.
अहवालात मात्र पहिल्याला दोन पानं,
दुसऱ्याला एक ओळ.

बाराव्या आठवड्यात ती आली
शिमग्याचा गुलाल कानामागं तसाच ठेवून.
पाठ दोन. कोपरं अर्धा.
मी काही म्हणायच्या आत तिनं सवयीनं
टेबलावर तळहात उपडा ठेवला. मग उलटा केला.
चिकानं काळा, रेषा बुजलेल्या,
तोच एक टक्का,
ज्यानं मी बाकीचे सगळे मोजले,
आणि जो स्वतः कुठल्याच बेरजेत धरला नव्हता.

चपला घालताना दारातून म्हणाली,
"लखोटो फोडतीत तेव्हा माका नको,
हलीमाक सांग.
सगळ्यात जास्त तिनाच लावल्यान."

लखोटा अजून फोडलेला नाही.
हलीमाचा नंबर मी
फॉर्मच्या मागच्या बाजूला,
पेन्सिलीनं लिहून ठेवलाय.