खातेदार

खारी हवा रॅमच्या दातांवर बसते.
म्हणून आधी खोडरबर.
सोनेरी कडा घासत राहिलो चमक येईपर्यंत,
मग पंख्यातून मुंग्यांचं घर काढलं
आणि माझ्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं सात नंबरचं मशीन
जामसंड्यात, रात्री सव्वानऊला,
पुन्हा घरघरलं.

विंडोज काढून डेबियन टाकलं.
काळा पडदा, पांढरी अक्षरं.
अमुक हवं, त्याला तमुक लागतं, तमुकाला आणखी चौदा पॅकेजं,
एवढी एवढी जागा जाईल, पुढे जाऊ?
दर वेळी एकच अक्षर दाबायचं.
देवळात गाऱ्हाणं घालताना मागे उभे असलेले
नीट न ऐकताच म्हणतात तसं
होय म्हाराजा.

मध्येच लाइट गेली.
आली तेव्हा डेटाबेस अर्ध्यावर रुसलेला.
पुन्हा पहिल्यापासून. होय म्हाराजा. होय म्हाराजा.

फोटो बिस्किटांच्या डब्यातले, चारशे बारा,
पावसाळाभर बसून स्कॅन केलेले.
भाऊकी विरारला, कळव्याला, एक घर मस्कतला.
परक्याच्या कंपनीत नको ठेवूस, सदूदादा म्हणाला होता,
आपलं ते आपल्याच घरात असावं.
जमिनीबद्दलही तो हेच म्हणतो.

पहिला फोटो टाकला. मनाई.
चारशे तीन.
फोल्डरचा मालक कोण ते विचारलं.
रूट.
म्हणजे मूळपुरुष.
आमच्या सातबाऱ्यावरही अजून तोच आहे,
भिकाजी बिन राघोजी, मरून सत्तर वर्षं झाली,
त्याच्या नावाखाली आम्ही एकोणतीस जण
आणि कुणालाच फांदी तोडता येत नाही.

इथे एका ओळीत फेरफार झाला.
ना तलाठी, ना नोटीस, ना कुणाची हरकत.
सातशे पंचावन्न:
मालकाला सात, बघ, लिही, चालव.
बाकीच्यांना पाच, बघ, आत ये,
सावलीत बस हवं तर,
आंब्याला हात लावायचा नाही.

दोन एमबीच्या वरचा फोटो गिळेना,
ती फाइल शोधून आकडा वाढवला.
मग खाती उघडत बसलो.
सदूदादा. विजू. मस्कतची प्रज्ञावहिनी.
दहावं खातं यशवंतीआतेचं.
अठ्ठ्याऐंशी साली देवगडात, दुय्यम निबंधकासमोर,
एका लुगड्यावर तिनं हक्कसोड लिहून दिली.
मी तिला सगळे अधिकार दिले.
ठरवून नाही. हात थांबला नाही, एवढंच.

सकाळी बाजारातून येताना ती डोकावली.
पिशवी खुर्चीखाली सरकवून बसली
आणि एकेक फोटो बघत गेली, काही न विचारता.
तीनशे सहावर थांबली.
कचेरीच्या पायऱ्या. पुरुष हसताहेत.
मधे ती,
लुगड्याची न मोडलेली घडी छातीशी धरून.

"ह्यो काडून टाकूक येता?"
"येता. तुकाच येता."
माउस कसा धरायचा ते दाखवलं.
मशीननं विचारलं, नक्की?
चौथीपर्यंतचं वाचन तिचं, तिनं तो शब्द दोनदा वाचला
आणि दाबलं.

"गेलो?"
"गेलो."

सुंगटां म्हाग झाली हत, म्हणाली,
पिशवी उचलून निघाली.

बॅकअप मी रात्री दोनचा लावला आहे.
पहाटे तो एकदा होऊन गेला होता,
दुसऱ्या डिस्कवर, तारखेच्या नावाच्या फोल्डरात,
पायऱ्या, हसणारे पुरुष, घडी, सगळं.
मी तिला हाक मारली नाही.
त्या फोल्डरचा मालक
अजून रूटच आहे.