एक डोळा मिटून

मोहसिननं काउंटरवर दोन्ही ठेवले.
एक नवा, साबणाच्या वडीएवढा,
खिशात टाकला तर घरी पत्ता लागणार नाही.
दुसरा जुना,
गंगाखेडच्या सोमवंशींनी लग्नं काढून काढून झिजवलेला.
ते आता ड्रोन उडवतात.

नव्याला दोन वर्षांची वॉरंटी,
खोक्यात कोऱ्या प्लॅस्टिकचा वास.
जुन्याला खोकंच नाही.
बटणांच्या फटीत हळद.
टाचणीनं उकरली तर बोटाला लागली,
पिवळीच होती अजून.
फ्लॅशच्या खाचेत अक्षतेचा एक दाणा.
"एक लाख बारा हजार फोटो झालेत सर,
खोटं कशाला बोलू," मोहसिन म्हणाला.
एकाच पापणीनं एवढ्या वेळा
मिटायचं, उघडायचं,
आणि वर सहा हजार मागायचे!

मला कशाला हवाय कॅमेरा?
एकतीस वर्षं परभणी जिल्ह्यात मोजणी केली.
साखळी ओढली, टेबल मांडलं,
भावाभावांच्या मध्ये दगड रोवले
आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.
आता दुसरेच दगड बघत फिरतो, वीरगळ.
जिंतूरच्या पुढं, बारवेच्या काठाला,
उकिरड्याच्या कडेला,
कुणाला शेंदूर, कुणावर गोधड्या वाळत घातलेल्या.
कुणाच्या गाई सोडवताना पडले,
कुठल्याच सातबाऱ्यावर नोंद नाही.
ही म्हणते,
"माझा फोटो काढायला मला बी दगड व्हावं लागंल का?"

"दोन्ही न्या सर. सोमवारी सांगा."

एप्रिलातला शनिवार, दुपारचा एक.
नव्याच्या पडद्यावर ऊन, आणि उन्हात माझाच चष्मा.
रुमाल धरला. छत्री धरली.
शेवटी सदऱ्यात डोकं घालून बघितलं.
म्हशीमागचं पोरगं थांबलं,
"काका, काय हरवलं?"

जुन्याला बघायला भोक आहे.
डावा डोळा मिटला, उजवा टेकवला,
आणि आत तोच ओळखीचा अंधार,
पलीकडे तेवढंच जग, हद्दीसकट.
ठरलं म्हटलं. भाकरी सोडली.

ऊन कलल्यावर, निव्वळ मोहसिनशी इमान म्हणून,
पुन्हा नवा काढला.
खालच्या चौकटीत आडवा पडलेला गडी,
सात वर्षं बघतोय, नुसतं झिजलेलं टेंगूळ.
तिथं पडद्यावर एक पिवळा चौकोन आला,
थरथरला,
आणि बसला.
इथं चेहरा आहे, असं त्याचं म्हणणं.
ना साखळी, ना टिपण, ना शेजाऱ्याची सही,
सरळ हद्द कायम!

बटण दाबलं. फोटो निघेना.
परत दाबलं. नाही.
खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं:
हसण्याची वाट पाहत आहे.

सात-आठशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसापुढं
मी उकिडवा बसलो होतो,
आणि हातातलं यंत्र थांबलं होतं
तो हसेल म्हणून.
इकडंतिकडं बघितलं. हळूच म्हटलं, "हसा."
म्हशीवाल्या पोराला राहवलं नाही,
खिदळत मधे घुसलं.
कच्.

सोमवारी जुन्याचे साडेपाच हजार मोजले.
मोहसिननं वर एक बॅटरी दिली,
कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
पोराचा तो फोटो नव्यातच राहिला.
ज्याला तो विकला जाईल त्याला सापडेल
एक दात पडलेलं हसू,
आणि मागं धूसर काहीतरी.

परवा परत गेलो होतो.
डावा डोळा मिटला, उजवा लावला,
दगड दिसला, शेवाळ दिसलं,
चेहरा काही दिसला नाही.
मग कॅमेरा गळ्यात सोडला
आणि चौकोन आला होता तिथं
अंदाजानं बोट फिरवलं.

नाक आहे.