सहावं कलम

भाडेकरारातलं सहावं कलम सांगतं,
भिंतीला भोक पाडायचं नाही.
बाकीची कलमं अरबीत काय म्हणतात
मी कधी विचारलं नाही.
हे एक मात्र अठरा वर्षं पाळलं.

दिवसभर दुसऱ्यांच्या भिंतींना भोकं पाडून,
कॉलरवर सिमेंट घेऊन
रुवीतल्या तिसऱ्या मजल्यावर यायचं
आणि दुहेरी चिकटपट्टी कापायची.
तिच्यावर घड्याळ,
तिच्यावर ओजसचं गणिताचं प्रशस्तिपत्र, फ्रेमसकट,
जे दर मे महिन्यात गोंद वितळून
रात्री दोनला धाडकन खाली येतं.
"कोण आहे?"
"गणित. झोप."

तरी घर काही होतं तसंच राहिलं नाही.
एसीच्या नळीखाली तेलाचा चौकोनी डबा,
त्यात अळू.
फुकटच्या पाण्यावर इतकं माजलं
की खालच्या मजल्यावरचे मल्याळी
पानं मागायला येतात.
बाथरूमचा नळ मी स्वतः बदलला.
गळतो अजून, पण आता हळू.

सावर्ड्याला स्लॅब पडला, तो फोनवर पाहिला.
त्या भिंती आमच्या, हवे तेवढे खिळे ठोका,
टांगायचं सामान मात्र सगळं इथे.

हेमांगीचं लायसन्स चार वेळा हुकलं.
पहिल्यांदा गाडी ड्रमला घासली.
दुसऱ्यांदाही ड्रमच, पण पलीकडचा.
मग चढावर मागे घसरली.
चौथ्यांदा पोलिसाने काही सांगितलंच नाही,
फाइल परत दिली
आणि पुढच्या बाईला हाक मारली.
त्या रात्री तिने हॉलमध्ये डाळींचे डबे मांडले
आणि ओजसची लहानपणची सायकल
उलटी ढकलत राहिली, मान वळवून,
तुरीपासून मुगापर्यंत.
शाळेचा टाय लावून तो परीक्षक झाला होता.
"मसूर लागली. नापास."
ती खरंच रडली.
मग उठून मसूर भिजत घातली.

पाचव्यांदा
मी साइटवर होतो. फोन नाही, मेसेज नाही.
संध्याकाळी दार उघडलं तोच हात पुढे:
"किल्ली."
आमच्या गाडीत मी पहिल्यांदाच उजवीकडे बसलो.
पाय सारखा ब्रेक शोधत होता,
तिथे नुसती रबरी चटई.
कुरुमच्या पेट्रोल पंपापर्यंत गेलो,
तीन कडक करक, पैसे तिने दिले,
आणि तिथूनच फोन लावला:
"आई, ह्यांना मी घेऊन आले. मी. चालवत."
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग, "पट्टा लावलायस ना गं?"

शुक्रवारी साइटवरून ड्रिल आणलं.
आठचं बिट.
दाराशेजारी, तिच्या खांद्याच्या उंचीला
पेन्सिलने फुली.
ओजसने खाली व्हॅक्यूमचं तोंड धरलं,
मी मालकाची मनातल्या मनात माफी मागितली
आणि दाबलं.
नऊ सेकंद लागले.
लाल वीट असेल वाटलं होतं,
आत राखाडी पोकळ ब्लॉक निघाला,
माझ्याच साइटवर असतो तसला.
नातूर शफीउल जिना चढून आला, आवाज कसला?
"डबा पडला," हेमांगी म्हणाली,
हातात पितळी हुक.
तो हुकाकडे बघून हसला, चहा पिऊन गेला.

घर सोडताना भोक टूथपेस्टने बुजवता येतं.
पांढरी आणावी लागेल, आमची हिरवी आहे.
पण ते पुढचं पुढे.

किल्लीसाठी लावलाय तो हुक.
रिकामाच असतो बहुतेक.
ती गाडी घेऊन गेलेली असते.