मूठ

बास-प्वांतच्या मळ्यात एर्मांस सतराव्या वर्षी लागली.
केळीच्या या बुंध्याला एक मूठ, पुढच्याला एक,
पांढरी भुकटी, पिठाहून मऊ.
सोंडकिडा मरतो,
एवढंच मुकादम बोलला होता.
दुपारी त्याच बोटांनी पाव.

काल माती तपासणारा पोरगा आला.
परसातलं ढेकूळ नळीत भरून म्हणाला,
आजी, कोनफळ लावू नका इथे.
किती दिवस?
त्याने कागद उलटला, सुलटा केला.
सहाशे वर्षं. कदाचित.

ती खूप हसली. मग नीरफणस काढून दिला त्याला:
घे, हा उंचावर लागतो.

रात्री रश्शात मीठ घालताना
मूठ वळली आपोआप.
तिने ती बरणीवर उघडली,
बोटांना चिकटलं तेवढंच घातलं.