पूर्वेकडचं कुंपण

चर्चच्या तळघरात टेबलं जोडून
आम्ही नकाशा पसरला. कोपरे गुंडाळू नयेत म्हणून
एकावर कॉफीचा मग, एकावर कुणाच्या तरी किल्ल्या,
उरलेल्या दोनांवर माझे हात.

फलाट आठशे फूट. रुळापासून चार फूट उंच,
म्हणजे डब्यात शिरताना पायरी लागत नाही.
वाहनतळ तीनशे बारा गाड्यांचा, त्यात
निळ्या रंगाच्या जागा आठ.
हे मी इतक्यांदा म्हटलंय की
झोपेतही आकडे तोंडातून गळतात.

ड्वाइट पेल्की उठला. त्याची क्रॅनबेरीची दलदल
रुळांना लागून. म्हणाला, एवढ्या गाड्यांचं तेल,
रस्त्यावरचं मीठ, बर्फ वितळल्यावर कुठे जाणार?
मी उतार दाखवला, पाणी मुरवायचा चर दाखवला.
तो नकाशाकडे नाही, माझ्या बुटांकडे बघत होता.
कोरडे होते.

कुणी भाडं विचारलं. कुणी, रात्री भोंगा वाजणार का.
एका पोराला फक्त इंजिनाचा रंग हवा होता.
मग शेवटच्या रांगेतून ओडीलिया आरूडा,
मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं, उजवा गुडघा गेलेला:
"मी कुठून येऊ?"

मेन स्ट्रीटवरून, मी म्हटलं. सिग्नल, फुटपाथ,
वाहनतळ, मग रॅम्प.
"मी राहते इथे." तिनं बोट ठेवलं
रुळांच्या पूर्वेला, जिथे मी
कागद पांढरा सोडला होता.
तिथे काही नव्हतं असं नाही.
आमच्या कामाची हद्द तिथे संपते, एवढंच.
"गाडी नाही माझ्याकडे," ती म्हणाली,
जसं कुणी सांगावं, मांजर नाही माझ्याकडे.

मंगळवारी पहाटे पाचला गेले.
रात्री बर्फ पडून गेलेलं. वाहनतळाच्या जागी
सगळं कोरं, एका कोल्ह्याची तिरकी ओळ सोडली तर.
पूर्वेला मात्र तीन मजली लाकडी घरांमागून
एक वाट निघालेली, हातभर रुंद, तुडवून काळी,
डबकं टाळत थेट कुंपणापाशी.
तिथे जाळी कापलेली. आणि कडांवर
सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली,
कुणाचा कोट फाटू नये म्हणून.

वीस वर्षं मी प्रवेशद्वारं आखतेय.

दोन बायका आल्या, हातात डबे.
माझं नारिंगी जाकीट बघून थबकल्या.
मी बाजूला झाले.
एकीनं मान हलवली, दुसरीनं नाही.
दोघी रूळ ओलांडून बसथांब्याकडे गेल्या.

ऑफिसात नेल्सन म्हणाला, मोजणीत ही वाट नाही.
खरंय. मोजणीची रबरी नळी आपण रस्त्यावर टाकतो,
तिच्यावरून चाक जावं लागतं.
पूल? पुलाला दोन लिफ्ट, लिफ्टला जन्मभराची देखभाल.
मग मी म्हटलं, रूळ एकच आहे.
फलाटच पूर्वेला घेऊ.
"आणि गाडीवाले?"
"ते ओलांडतील. फाटक लावून, दिवे लावून."
"तीनशे बारा जण?"
"हो."
तो बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिला.

आता त्याचं नाव पर्याय ब. रॅम्पसुद्धा आखून झाला:
चार फूट चढायला अठ्ठेचाळीस फूट चालायचं,
मध्ये दम खायला सपाट जागा.
ड्वाइटच्या पाण्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

काल पुन्हा जाऊन ते भोक मोजलं. बर्फ गेलंय,
वाट चिखलात जेमतेम दिसते.
रुंदी बावीस इंच. त्या गुडघ्यानं
तिरकं होऊनच यावं लागत असणार.
नियमानं छत्तीस हवी.
फरक चौदा इंचांचा,
तेवढ्यासाठी अजून सात सह्या.