भेट कलम

नाचणीला कोंब आले त्या दिवशी ठरवलं.

दीड वर्ष ब्लाउजच्या डाव्या बाजूला
मी शिवलेली पुरचुंडी वागवत होते.
आधी सावरीचा कापूस भरला,
तो हलका, वाकलं की गळ्याशी यायचा.
मग नाचणी, मूठमूठ.
फिलूबायने डोळे मिटून दोन्हीकडे तोलून पाहिलं,
म्हणाली, "बरोबर जमला गो."
श्रावणात धुऊन वाळत घातलेली ती पुरचुंडी
मी पागोळीखाली विसरले, तीन दिवस.
शिवणीतून हिरवे कोंब बाहेर.
उभादांड्याच्या नर्सरीत बावीस वर्षं काम केलेल्या बाईला
याहून स्पष्ट कोण काय सांगणार?

बांबोळीला डॉक्टर कुंकळ्येकरांनी
मला उभी ठेवून पाठीवर
जांभळ्या पेनने होडी काढली.
सिलिकॉन नको म्हणाले, शेक दिलेली कातडी
ते धरून ठेवणार नाही.
पोटावरचं घ्यावं तर तुम्ही वाळक्या.
उरली पाठ.
तिथला एक स्नायू, वर कातडीची ही होडी,
काखेखालून वाट करून पुढे आणायची.
रक्ताची नळी मात्र तोडायची नाही.

म्हटलं, म्हणजे भेट कलम.

ते थांबले.
मग त्यांचीच दोन पेनं घेऊन दाखवलं:
कोय कलमाची काडी झाडावरून कापून आणतात,
तिला तहान असते, आपल्याला घाई.
भेट कलमाची फांदी आईला सोडत नाही.
रोपच माचीवर चढवून तिच्याकडे न्यायचं,
दोघांची साल तासायची,
जखमेला जखम लावून बांधायचं.
दोन-तीन महिन्यांनी जीव धरला की
खालून सुरी.
"आम्ही ती शेवटची सुरी लावत नाही," डॉक्टर म्हणाले.
मग तुमचं कलम बरं, म्हटलं.

सासूबाई म्हणाल्या, "ह्या वयात कोणाक दाखवूचा आसा?"
कोणालाच नाही.
एकाच कमरेवर घागर घेतलेली बाई चालते तशी
मी रिकाम्या हातांनी चालत होते.

दोन नळ्या, दोन बाटल्या घेऊन घरी आले.
रघुवीर रोज सकाळी त्या ओतायचा आणि
होडीच्या डिझेलच्या वहीत लिहायचा:
पुढची साठ, पाठीची नव्वद.
पुढची चाळीस.
मध्येच एका पानावर, बर्फ तीन लाद्या.
पाठीची तीस झाली त्या दिवशी
त्याने खाली दोन रेघा ओढल्या,
हिशेब मिटल्यावर ओढतात तशा.

आता फिलूबाय विचारते, धरला काय?
धरला.
फक्त त्याला अजून कळलेलं नाही
आपण कुठे आलोय ते.
झारी उचलली की पदराखाली
मासळी उसळावी तसा उडतो.
मच्छर पुढे चावतो
आणि मी हात वळवून पाठ खाजवत बसते,
नर्सरीतल्या पोरी हसतात,
हसू देत.

बोंड केलेलं नाही.
डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेला करू, गोंदताही येतं.
म्हटलं, थांबा.
कलमाचा पहिली तीन वर्षं मोहोर खुडायचा असतो.

परवा रात्री लाईट गेलेली.
रघुवीरने विचारून हात ठेवला,
होडीवर.
मला तो पाठीवर लागला,
डाव्या खांद्याच्या खाली,
शाळेत बाई शाबास म्हणून हात ठेवायच्या
बरोबर तिथे.
बाहेर समुद्र ओहोटीचा, लांबचा.
"काय्येक कळता?" त्याने विचारलं.

कळता, म्हटलं.
रवांदे थय.